हे जरा धर

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलं आहे, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)



माईक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? हा प्रश्न मी गेली काही वर्षं दुसऱ्यांसाठी विचारत आलोय, आज पहिल्यांदा स्वतःसाठी विचारतोय. एरवी माझी जागा तिकडे, मागच्या भिंतीपाशी, साउंडच्या टेबलामागे. आज तिथे काका बसलेत आणि मला इकडे ढकललंय. काका, आवाज थोडा कमी केलात तरी चालेल, पाय थरथरतात तेही ऐकू जाईल.

सेक्रेटरीवहिनींचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, कोजागिरीला दहा-पंधरा मिनिटं बोला ना काहीतरी. तुम्ही आयटीवाले, एआयवर बोला." मी म्हटलं, वहिनी, एआयवर बोलणारे हॉलमध्ये निम्मे आहेत, उरलेल्या निम्म्यांना त्याच्यामुळे नोकरीची काळजी आहे, दुधात मिठाचा खडा कशाला? "मग कशावर बोलाल?" "न बोलण्यावर." वहिनी इतका वेळ गप्प राहिल्या की मला वाटलं लाइन कट झाली.

तर विषय हा. न बोलणारा माणूस चार लोकांत कसा येतो, किंवा का येत नाही. दुसऱ्या कुणाचं सांगायचा मला अधिकार नाही, त्यामुळे स्वतःचंच सांगतो.

आपल्या मराठीत कमी बोलणाऱ्या माणसाला किती शब्द आहेत बघा. घुम्या, मुखदुर्बळ, बुजरा, एकलकोंडा, माणूसघाणा, तुसडा, शिष्ट. एकही कौतुकाचा नाही. 'मितभाषी' तेवढा बरा, पण तो माणूस गेल्यावर श्रद्धांजलीच्या सभेत वापरतात. यातले 'तुसडा' सोडून सगळे मला लागलेले आहेत. 'शिष्ट' मात्र इथेच, याच हॉलमध्ये लागला. तो सगळ्यात जास्त लागला, म्हणजे दोन्ही अर्थांनी.

यातला एक घोळ आधी सोडवतो, कारण तो सोडवायला मला स्वतःला पंधरा वर्षं लागली. ज्याला माणसं कमी लागतात तो वेगळा आणि ज्याला माणसं हवी आहेत पण त्यांच्यापुढे गेल्यावर जीभ टाळ्याला चिकटते तो वेगळा. पहिल्याला अंतर्मुख म्हणतात. कार्ल युंगनं १९२१ साली पुस्तक लिहिलं तेव्हापासून 'इंट्रोव्हर्ट' हा शब्द सगळीकडे झाला. दुसरा म्हणजे नुसता लाजाळू. पुरणपोळी आवडत नाही म्हणून न घेणं आणि पुरणपोळी हवीय पण मागायची लाज वाटते म्हणून उपाशी उठणं, यात जेवढा फरक तेवढाच या दोघांत. बाहेरून मात्र दोघांचंही ताट रिकामंच दिसतं. मी दुसऱ्या पंगतीतला.

फिलिप झिम्बार्डो नावाचे स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७०च्या दशकात लोकांना सरळ विचारलं, तुम्ही लाजाळू आहात का? साधारण ४० टक्के लोक 'हो' म्हणाले. आज इथे दीडशे माणसं धरली तर त्या हिशेबानं साठ होतात. आणि त्या साठांपैकी प्रत्येकाला आत्ता वाटत असणार की बाकीचे एकशे एकोणपन्नास मजेत आहेत, माझंच काहीतरी बिघडलंय.

मी या देशात २०१४ साली आलो आणि त्याच वर्षी गणपतीला पहिल्यांदा या हॉलमध्ये आलो. चपला काढायची जागा तुम्हाला माहीत आहे, दारातून शिरल्यावर डावीकडे. मी तिथे चाळीस मिनिटं होतो. आधी बुटाची नाडी सोडली, मग फोन पाहिला, मग नोटीस बोर्ड वाचला. या हॉलमध्ये आग लागली तर कुठे जमायचं हे मला तोंडपाठ आहे. आत गेलो तर तीन जणांनी प्रेमानं विचारपूस केली. आपले तीन प्रश्न ठरलेले असतात: मूळचे कुठले, कुठल्या कंपनीत, आणि कंपनीनं पाठवलंय की कायमचे? मिरज, कन्सल्टंट, बघू. संपलं. समोरच्यानं तीन चेंडू टाकले, मी तिन्ही खेळून काढले, आता बोलिंग माझी आणि माझ्या हातात चेंडूच नाही. समोरचा माणूस भला, तो बिचारा दोन सेकंद थांबतो, "बरंय, भेटू" म्हणतो आणि जातो. आरतीच्या आधीच मी निघालो. प्रसादसुद्धा घेतला नाही, कारण प्रसादाच्या रांगेत पुढच्याशी बोलावं लागलं असतं.

मिरजेत असं कधी झालं नव्हतं, याचं मला फार आश्चर्य वाटायचं. तिथेही मी असाच होतो, पण मला मित्र होते. ते कसे झाले? मी तर कुणाशी मैत्री 'केल्याचं' मला आठवत नाही. आमचा वाडा होता, सात बिऱ्हाडं, एक जिना, अंगणात एक नळ. पाणी सकाळी दीड तास यायचं. त्या दीड तासात सात घरांतली माणसं बादल्या घेऊन उभी. बोललं तर बोललं, नाही तर नाही, पण रोज उभी. शिवाय आई होती. आमच्या कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर माझ्यात आणि जगात आई हा इंटरफेस होता. "आमचा हा येतोय हो तुमच्याबरोबर क्लासला" असं ती परस्पर जाहीर करायची आणि मला मित्र मिळायचा. लंडनला विमान उतरलं तेव्हा तो इंटरफेस मागे राहिला, आणि मग कळलं की आपल्याला तो प्रोग्राम लिहिताच येत नाही, आपण फक्त वापरत होतो.

नळाचं आणि जिन्याचं महत्त्व मला नंतर वाचनात सापडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर एमआयटीनं अमेरिकेत विवाहित विद्यार्थ्यांसाठी वसाहत बांधली होती. लिऑन फेस्टिंजर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांना विचारलं की तुमचे जवळचे मित्र कोण? १९५० साली त्याचं पुस्तक आलं. एकाच मजल्यावर शेजारच्या दारात राहणारे ४१ टक्के वेळा मित्र निघाले आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणारे फक्त १० टक्के. आणि जिन्याजवळ, पत्रांच्या पेट्यांजवळ ज्यांचं घर, त्यांना मित्र जास्त. स्वभाव, आवडीनिवडी वगैरे राहिलं बाजूला, जाता-येता कोण दिसतं यावर बरंचसं ठरलं. हे वाचून मला हसू आलं. एमआयटीला एवढा अभ्यास करावा लागला, आमच्या वाड्यातल्या कुठल्याही काकूंनी नळावर उभ्या उभ्या सांगितलं असतं.

इथे नळ घरात. जिना आहे, पण त्यावर कुणी भेटत नाही. आणि कन्सल्टंटचं काम म्हणजे सहा महिने एका क्लायंटकडे, नऊ महिने दुसऱ्याकडे. ऑफिसात ओळख होईपर्यंत प्रोजेक्ट संपतो, सही केलेलं कार्ड आणि केक देतात, आणि पुढचं गाव. अशी आठ वर्षं गेली. वाईट गेली असं म्हणणार नाही. पगार होता, पुस्तकं होती, आई-बाबांशी रोज व्हिडिओ कॉल होता. आई विचारायची, "तिकडे आपले लोक आहेत ना रे?" मी म्हणायचो, "पुष्कळ." ते खोटं नव्हतं.

आता जे सांगतो ते मी आजवर दोनच माणसांना सांगितलंय.

२०२२ मध्ये मला हर्निया निघाला. साधा, जांघेतला. बरेच महिने अंगावर काढला, मग डॉक्टरकडे गेलो, यादीत नाव लागलं, तारीख आली. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. आणि सोबत एक पत्र आलं. पूर्ण भूल देणार आहोत, त्यामुळे तुम्हाला घरी न्यायला आणि पुढचे चोवीस तास तुमच्याजवळ राहायला एक जबाबदार प्रौढ व्यक्ती हवी. तिचं नाव आणि फोन नंबर खाली लिहा.

खाली एक रेघ होती.

मी फोनमधली नावं काढली आणि 'अ'पासून वाचायला लागलो. चारशेच्या वर नावं होती. घराचा एजंट, तीन प्लंबर, पिझ्झावाला, जुन्या क्लायंटकडचे मॅनेजर, 'मंडळ तिकिटं' असं सेव्ह केलेला एक नंबर. कॉलेजचे मित्र होते, पण एक सिअ‍ॅटलला, एक पुण्यात, एक सिंगापूरला. चोवीस तास माझ्या घरात बसा असं ज्याला म्हणता येईल असं एक नाव या देशात, आठ वर्षांत, माझ्याकडे नव्हतं. माणसं वाईट होती म्हणून नव्हे. त्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर कदाचित आले असते. पण ज्याला आपण "कसे आहात" च्या पुढे कधी काही विचारलं नाही, त्याला एकदम "माझ्या उशाशी बसा" असं कसं म्हणणार?

त्या पत्रात हेही लिहिलं होतं की अशी व्यक्ती नसेल तर आम्हाला आधी फोन करा. तो फोनही मी केला नाही. 'माझं इथे कोणी नाही' हे वाक्य इंग्रजीत बनवून पाहिलं, दोन-तीन प्रकारे. व्याकरण बरोबर होतं, पण तोंडातून निघेना. शेवटी ऑफिसच्या कामाचं कारण सांगून तारीख रद्द केली. आईला सांगितलं, हॉस्पिटलनं पुढे ढकलली. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

या देशाच्या सरकारनं २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे हसले होते, मीही हसलो होतो. त्या रात्री हसू आलं नाही.

मग मी काय केलं, तर एकदम शूर वगैरे झालो नाही. आधी फॉर्म भरला. इंग्लंडमध्ये एनएचएसची बोलून उपचार करण्याची सेवा आहे, तिच्यासाठी जीपीकडे न जाता आपलं आपण नाव नोंदवता येतं, आणि तेही ऑनलाइन. माझ्यासारख्याला फोन करावा लागला असता तर मी अजून तसाच असतो. लोकांत जायची भीती एवढी असेल की त्यापायी आपण ऑपरेशन टाळतोय, तर तो नुसता स्वभाव राहत नाही, त्यावर उपचार असतात. सीबीटी म्हणतात त्या पद्धतीची शिफारस इथल्या नाइस या संस्थेनं २०१३ पासून केलेली आहे. त्या बाईंनी मला पहिल्यांदा एक गोष्ट करायला लावली. कुणाशी बोलल्यावर 'त्याला माझ्याबद्दल काय वाटलं असेल' हे लिहायचं आणि त्याला पुरावा काय तेही शेजारी लिहायचं. पुराव्याचा रकाना कायम रिकामा. पुढे कळलं की यावरही संशोधन झालंय. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन अनोळखी माणसं बोलल्यावर प्रत्येकाला वाटतं, आपण समोरच्याला फारसे आवडलो नाही. प्रत्यक्षात समोरच्याला आपण आपल्या समजुतीपेक्षा जास्त आवडलेले असतो. आणि लाजाळू लोकांचा अंदाज जास्तच चुकतो. मी डीबगिंग करून पोट भरतो, आणि डोक्यात हा एवढा जुना बग घेऊन फिरत होतो.

त्याच बाई म्हणाल्या, दर आठवड्याला एकाच जागी, त्याच माणसांत जाता येईल असं काहीतरी शोधा. मला नळ आठवला.

आमच्या गावात शनिवारी सकाळी नऊला पार्करन असतो. तुमच्यापैकी काहीजण येतात, मला माहीत आहे, मी तुमचे बारकोड स्कॅन केलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाच किलोमीटर, पळा किंवा चाला, पैसे नाहीत. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनजवळ बुशी पार्कमध्ये १३ जण धावले, तिथून सुरू झालं. पॉल सिंटन-ह्यूइट या गृहस्थांना दुखापतीमुळे स्वतःला धावता येत नव्हतं, पण धावणाऱ्या मित्रांना भेटायचं होतं, म्हणून ते घड्याळ घेऊन उभे राहिले. सुरुवातीला नंबर म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर द्यायचे, नट-बोल्टला लावतात ते. मलाही हर्नियामुळे धावता येत नव्हतं. म्हणून मी स्वयंसेवक झालो आणि मला बारकोड स्कॅनर मिळाला.

मंडळी, ही नोकरी माझ्यासारख्यासाठी देवानं बनवलीय. पळून आलेला माणूस आधी स्वतःचा बारकोड दाखवतो, तो स्कॅन करायचा, मग त्याच्या हातातल्या टोकनचा करायचा, टोकन बादलीत टाकायचं. बोलायचं काय ते ठरलेलं: "वेल डन, बारकोड प्लीज, थँक यू." तीन वाक्यं. दोनशे माणसांशी दोनशे वेळा बोलायचं, आणि चौथं वाक्य कुणीही मागत नाही. समोरच्याला धाप लागलेली असते, त्याला गप्पा नकोच असतात! सहाव्या आठवड्यात एका आजीबाईंनी विचारलं, "मागच्या शनिवारी दिसला नाहीस?" मी कुठे नव्हतो हे या देशात कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. सगळ्यात मागे एक स्वयंसेवक चालत येतो, टेल वॉकर, म्हणजे कितीही हळू चाललात तरी शेवटचा नंबर तुमचा येत नाही. ही कल्पना ज्यानं काढली त्याला माझा साष्टांग नमस्कार.

मंडळात परत आलो ते २०२३ मध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरत होता: नाटकासाठी बॅकस्टेजला मदत हवी, अनुभवाची गरज नाही. मी तो निरोप चार दिवस पाहत होतो. पाचव्या दिवशी तालमीला आलो आणि सवयीनं चपलांपाशी उभा राहिलो. तेवढ्यात हे आपले काका, ज्यांना सगळी मुलं एक्स्टेंशनकाका म्हणतात, खांद्यावर वायरींची तीन वेटोळी घेऊन आले. मी कोण, कुठला, कंपनीनं पाठवलंय की कायमचा, काही नाही. एक वेटोळं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे जरा धर."

मी धरलं. ते वायर सोडत सोडत स्टेजपर्यंत गेले, तिथून ओरडले, "आता टेप लाव." एवढंच. त्या दिवशी आम्ही तीन तासांत वीस वाक्यं बोललो असू, त्यातली पंधरा वायरींबद्दल. वायर कशी गुंडाळायची ते त्यांनी शिकवलं. एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे पीळ बसत नाही आणि फेकली की सरळ उलगडते. माझे पहिले दहा वेढे चुकले. ते काही न बोलता सोडवायचे आणि परत माझ्या हातात द्यायचे. आठ वर्षं मंडळानं माझं मनापासून स्वागत केलं होतं, ते मी नाकारत नाही. पण स्वागत झालं की पाहुणा उभा राहतो आणि पुढे काय करायचं ते त्याला कळत नाही. वायर हातात असली की कळतं.

आता थोडा हिशेब, इंजिनिअर आहे म्हणून राहवत नाही. कॅन्सास विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला की ओळखीची मैत्री व्हायला किती तास लागतात. बरी ओळख व्हायला साधारण ५० तास, मैत्रीला ९०, जवळच्या मैत्रीला २००च्या वर. आणि ऑफिसात शेजारी बसून काम केल्याचे तास त्यात फारसे धरायचे नाहीत. आता आपल्या मंडळाचे मोठे कार्यक्रम चार: संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी. प्रत्येकी चार तास धरा, वर्षाचे सोळा. त्यातले निम्मे रांगेत आणि पार्किंग शोधण्यात जातात, तरी सोळाच धरू. म्हणजे नुसत्या बऱ्या ओळखीला तीन वर्षं आणि जवळच्या मैत्रीला साडेबारा, तेही दर वेळी त्याच माणसाशेजारी बसलात तर. नाटकाच्या तालमी आठवड्यातून दोनदा, तीन तास, दहा आठवडे. साठ तास! एका नाटकात मी तेवढं कमावलं जेवढं नुसतं प्रेक्षक म्हणून येऊन तीन वर्षांत कमावलं नसतं. चहाच्या टीमचं, मराठी शाळेचं, ढोल पथकाचं गणितही असंच. तिथे जाणाऱ्यांना मित्र असतात आणि नुसते तिकीट काढून येणाऱ्यांना नसतात, यात स्वभावापेक्षा तासांचा वाटा मोठा आहे असं माझं मत झालंय.

आठव्या का नवव्या आठवड्यात एक मोठा स्पीकर उचलायचा होता. मी मागे सरलो. काका म्हणाले, "काय रे?" मी म्हटलं, "हर्निया आहे." "मग ऑपरेशन?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं की तारीख आली होती, पण चोवीस तास सोबत कुणीतरी लागतं. पुढे काही बोललो नाही. काका हातातली वायर गुंडाळत होते. एक सरळ, एक उलटा. पूर्ण गुंडाळून झाली, वेलक्रोचा पट्टा लावला, खोक्यात ठेवली. मग म्हणाले, "तारीख कळव."

बस, एवढंच. "अरे, आधी सांगायचं नाहीस का", "आम्ही काय मेलो होतो का" वगैरे काही नाही. ते म्हणाले असते तर मी बहुतेक परत आलो नसतो.

ऑपरेशन नोव्हेंबरमध्ये झालं. त्या रेघेवर मी काकांचं नाव लिहिलं. नातं काय, असा रकाना होता, तिथे बराच वेळ थांबलो आणि 'मित्र' लिहिलं. ते माझ्यापेक्षा एकतीस वर्षांनी मोठे आहेत. त्यांनी मला गाडीतून घरी आणलं, काकूंनी दिलेला मऊ भात आणि मेतकुटाची बाटली फ्रीजवर ठेवली, सोफ्यावर बसले आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं. चोवीस तासांत आम्ही फार बोललो नाही. रात्री दोनला मला जाग आली तेव्हा ते माझ्या टीव्हीच्या मागच्या वायरी लावून ठेवत होते. म्हणाले, "काय हा गुंता करून ठेवलायस."

इथे गोष्ट संपवली तर छान वाटेल, पण ते खरं होणार नाही. साउंडचं टेबल ही लपायला फार उत्तम जागा आहे. वर्षभरानं माझ्या लक्षात आलं की मी ज्यांच्या कॉलरला माईक लावतो त्यांच्यातल्या निम्म्यांची नावं मला माहीत नाहीत, आणि कार्यक्रम चालू असताना कुणी जवळ आलं की मी उगाच बटणं फिरवतो. माईक तपासायला कुणाला "काहीतरी बोला" म्हणायचं असतं, तिथेही मी "वन टू थ्री म्हणा" असं म्हणून सुटायचो. आता मी "आज सकाळी काय खाल्लंत?" असं विचारतो. त्यातून मला कळलंय की आपल्या मंडळात कांदेपोह्यांचं प्रमाण फार आहे. प्रगती आहे, हळू आहे.

आणि सगळ्यांना ही मात्रा लागू पडते असंही नाही. मागच्या गणपतीत एक मुलगा चपलांपाशी उभा होता, नुकताच आलेला, आगीची नोटीस वाचत. मला अगदी भरून आलं. मी गेलो, हातात वायर दिली, "हे जरा धर." त्यानं धरली. मी स्टेजकडे जाऊन वळून पाहिलं तर वायर खुर्चीवर नीट ठेवलेली आणि तो गेलेला. पुन्हा आला नाही. कदाचित तो पहिल्या पंगतीतला असेल आणि घरी मजेत असेल. कदाचित माझं तोंडच जास्त चाललं असेल.

कमिटीला एक विनंती करतो, रागावू नका. नवीन लोकांना स्टेजवर बोलावून माईकवर ओळख करून द्यायला लावायची जी पद्धत आहे ती बंद करा. ज्यांना ते आवडतं ते तसेही दहा मिनिटांत सगळ्यांच्या ओळखीचे होतात, आणि आमच्यासारखे ते टाळायला पुढच्या वर्षी येतच नाहीत. त्यापेक्षा दारात एक यादी लावा: पत्रावळ्या मांडणं, दूध ढवळणं, चपलांचा स्टँड, पार्किंगला टॉर्च घेऊन उभं राहणं. नाव लिहायचं आणि कामाला लागायचं. टॉर्चच्या कामात तर चेहराही दिसत नाही, त्याला आमच्यात मोठी मागणी येईल.

झालं माझं. वहिनी घड्याळ दाखवतायत. दूध बाहेर मांडलंय, चंद्र ढगात आहे पण निघेल असं फोन म्हणतोय. हॉल साडेदहाला रिकामा करून द्यायचाय. खुर्च्या आवरायला सहा-सात जण लागतील, दहा-दहाच्या थप्प्या करायच्या, रेडिएटरपासून हातभर लांब. आणि काका, ती हिरवी एक्स्टेंशन स्टेजच्या खाली राहिलीय, मी काढतो.